बियाण्याच्या जाहिरातीची पारख : जालना जिल्ह्यातील प्रात्यक्षिक शेतापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

प्रस्तावना

जाहिरातीच्या इतिहासात ती कोणी लिहिली, कोठे छापली आणि तिच्यावर किती खर्च झाला याच्या नोंदी सहसा आढळतात. ती यशस्वी झाली हे कोणी ठरविले आणि कशावरून ठरविले, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. आज ऑनलाइन जाहिरातींची कामगिरी सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सर्रास होत असताना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. कारण यंत्र सुधारणा करते ती त्याला यश म्हणून जे मोजून दाखविले जाते त्याचीच.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जालना जिल्ह्यातील बियाणे-व्यवसायाच्या संदर्भात केला आहे. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून अस्तित्वात आलेला हा जिल्हा त्यापूर्वीपासूनच संकरित बियाण्यांचे केंद्र म्हणून देशभर परिचित होता. विवेचनाची पद्धत ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, गेल्या सहा दशकांत जाहिरातीचे मोजमाप जसजसे जलद व सूक्ष्म होत गेले, तसतसे ते शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष पिकापासून दूर जात राहिले. हे अंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेले नाही. परंतु तिने त्याला प्रथमच स्वयंचलित गती दिली आहे.

पूर्वपीठिका : शेतात पटलेली वस्तू

शेतकऱ्याला नवी वस्तू विकण्याचा महाराष्ट्रातील लक्षणीय पूर्वानुभव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा आहे. लोखंडाने जमीन बिघडते ही समजूत प्रबळ असल्याने आरंभी नांगराला गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. नांगर जमिनीत चालवून दाखविल्यावरच त्याविषयी विश्वास निर्माण होऊ लागला. पुढे जानेवारी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे नियतकालिक सुरू झाले आणि त्यातूनच मराठीतील एक महत्त्वाचे मासिक विकसित झाले. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. वस्तूची पारख आधी जमिनीत झाली आणि छापील शब्द तिच्या मागून आला.

संकरित बियाणे आणि दरवर्षीचा ग्राहक

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. त्याच वर्षी सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे व १९६५ मध्ये एचबी-१ हे संकरित बाजरीचे वाण प्रसारित झाले. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले होते आणि १९६६ मध्ये बियाणे कायदा आला. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, यावरून या प्रयत्नाचे महत्त्व लक्षात येते.

संकरित बियाण्याने शेतकरी व बाजार यांचे नाते मुळातून बदलले. पूर्वी चांगली कणसे निवडून पुढील हंगामाचे बियाणे घरीच राखले जाई. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीतील जोम पुढील पिढीत टिकत नसल्याने बियाणे दरवर्षी विकत घेणे भाग पडले. घरचे बियाणे राखणारा शेतकरी अशा रीतीने प्रतिवर्षीचा ग्राहक बनला. जाहिरात ही बियाणे-व्यवसायाची दरवर्षीची गरज ठरली, तिचे मूळ या जैविक वस्तुस्थितीत आहे.

या काळातील प्रभावी प्रचारसाधन म्हणजे पीक प्रात्यक्षिक. १९६५ च्या सुमारास देशपातळीवर राष्ट्रीय प्रात्यक्षिकांची योजना सुरू झाली. खासगी कंपन्यांनीही रस्त्याकडेच्या शेतात वाणाची पाटी लावणे, पीक उभे असताना शेतकऱ्यांना शिवारात आणणे आणि मेळावे भरविणे हा मार्ग अवलंबिला. रंगविलेल्या भिंती, पत्र्याचे फलक, आठवडी बाजारात फिरणारी ध्वनिक्षेपकाची जीप आणि आकाशवाणी ही साधने त्यास पूरक होती.

प्रात्यक्षिकाचे वैशिष्ट्य असे की त्यात वाणाचे गुण व दोष एकत्रच दिसत. संकरित ज्वारीचे भरघोस कणीस शेतकऱ्याला दिसे, तसेच तिचे आखूड ताट आणि त्यामुळे कमी मिळणारा कडबाही दिसे. पीक पक्व होताना पाऊस लांबला तर दाणा काळा पडतो, हेही त्याच शिवारात कळे. भिंतीवरील मजकुरात यांपैकी दोष येण्याचा संभव नव्हता. प्रात्यक्षिक ही विक्रेत्याचीच जाहिरात असली तरी तिची अंतिम पारख शेजारच्या बांधावर, सुगीच्या वेळी आणि शेतकऱ्याच्याच मापाने होई. हे मोजमाप अत्यंत मंद होते; एका निष्कर्षाला एक संपूर्ण हंगाम लागे. पण जे मोजावयाचे तेच त्यात मोजले जाई.

या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. प्रात्यक्षिकासाठी बहुधा रस्त्यालगतचे, विहीर-बागायत असलेले आणि खताला पैसा असणाऱ्याचे शेत निवडले जाई. कोरडवाहू अल्पभूधारकाला त्या शेतातील उत्पन्न आपल्याकडे येईलच असे गृहीत धरता येत नसे. निवडक पुरावा दाखविण्याची प्रवृत्ती यंत्रयुगाच्या पुष्कळ आधीची आहे.

बीटी कापूस आणि नावांची गर्दी

२६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या संकरित वाणांना केंद्रीय समितीने लागवडीची मान्यता दिली. ही वाणे महिकोची होती. पुढील काही वर्षांत अनेक कंपन्यांना हे जनुक वापरण्याचे परवाने मिळाले आणि बीटी संकरित वाणांची संख्या शेकडोंवर गेली. बोंडअळीविरोधी गुण बहुतेक पाकिटांत सारखाच असल्याने त्या गुणाची जाहिरात करून कोणाचे वेगळेपण सिद्ध होईना. साहजिकच स्पर्धा नावांची, चित्रांची आणि बोंडाच्या वजनाच्या दाव्यांची झाली. इतक्या वाणांची तुलना शेजारच्या बांधावर पाहून करणे कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रात्यक्षिकाचे प्रामाण्य येथे प्रथम क्षीण झाले.

२०११ मध्ये महिको-मोन्सँटो बायोटेकच्या वृत्तपत्रीय जाहिरातीत, ‘बोलगार्ड’मुळे भारतीय कापूस उत्पादकांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक वाढल्याचा दावा करण्यात आला. तक्रारीनंतर भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१२ मध्ये अशा दाव्याला पुरेसा आधार दिला गेला नसल्याचा निर्णय दिला. १९८५ मध्ये स्थापन झालेली ही परिषद जाहिरात-व्यवसायाची स्वनियमन संस्था आहे. जाहिरात छापील, दावा लिखित आणि वाचक सामाईक असल्यामुळे तिला आव्हान देता आले, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

क्लिकचा लिलाव

ऑनलाइन जाहिरातीचा प्रारंभ सामान्यतः ऑक्टोबर १९९४ मधील ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावरील पट्टी-जाहिरातींपासून मानला जातो. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले आणि २००२ पासून क्लिकच्या दराबरोबर क्लिकची शक्यताही जागा ठरविताना विचारात घेतली जाऊ लागली. हे तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक विक्रेता प्रत्येक क्लिकसाठी १० रुपये देऊ करतो, पण त्याची जाहिरात १०० पैकी एकच जण उघडतो. दुसरा ४ रुपयेच देतो, पण त्याची जाहिरात १०० पैकी चौघे उघडतात. १०० वेळा दाखविल्यास पहिल्याकडून १० आणि दुसऱ्याकडून १६ रुपये मिळतील. म्हणून कमी बोलीचा दुसरा विक्रेता वर येतो. क्लिकच्या शक्यतेचे अचूक भाकीत करणे हाच मग या व्यवसायाचा गाभा ठरला आणि यंत्र-अध्ययनाचा त्यात प्रवेश झाला.

२०१६ मध्ये गूगलने बोली ठरविण्याच्या स्वयंचलित पद्धतींना ‘स्मार्ट बिडिंग’ हे नाव दिले. २०२१ मध्ये ‘परफॉर्मन्स मॅक्स’ आले. त्यात जाहिरात कोठे, कोणाला व कोणत्या रूपात दाखवावी हे बहुतांशी प्रणालीच ठरविते. २०२२ मध्ये मेटाने ‘अ‍ॅडव्हान्टेज प्लस’ ही तत्सम सुविधा आणली. २०२३ पासून जाहिरातीचा मजकूर व चित्रेही यंत्राकडून तयार करून घेण्याची सोय झाली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त होऊन ग्रामीण भागातही इंटरनेट पोहोचल्याने, भोकरदन वा मंठा तालुक्यातील शेतकऱ्याच्या हातातील मोबाइल आज याच लिलावाचा भाग आहे.

यंत्राच्या दृष्टीआड राहणारा हंगाम

या प्रणालीला जालना जिल्ह्याच्या शेतीत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बियाण्याची खरेदी बहुधा कृषी सेवा केंद्रात आणि पुष्कळदा उधारीवर होते. मोबाइल एकाचा, जमीन वडिलांची आणि निर्णय घरातील सर्वांचा, अशी स्थिती सामान्य आहे. त्यामुळे जाहिरात पाहणारा आणि बियाणे घेणारा यांचा संबंध यंत्राला क्वचितच जोडता येतो. मग विक्रीऐवजी क्लिक, फोन किंवा चौकशी हेच यश म्हणून नोंदले जाते आणि यंत्र अधिक चौकशा आणणाऱ्या मजकुराकडे वळते. कोरडवाहू जमिनीत टिकणारे वाण आणि अधिक बोटे थांबविणारे चित्र यांत निवड करताना यंत्राजवळ फक्त दुसऱ्याविषयीच माहिती असते.

कालमर्यादेचा मुद्दा याहून निर्णायक आहे. गूगलच्या व्यवस्थेत क्लिकनंतरचे फलित साधारणतः ३० दिवसांपर्यंत मोजले जाते व ही मुदत कमाल ९० दिवसांपर्यंत वाढविता येते. मेटाची प्रचलित मुदत क्लिकनंतर ७ दिवसांची आहे. जूनमध्ये पेरलेल्या कापसाची पहिली वेचणी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. म्हणजे पीक आले की गेले, हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी यंत्राचे खाते कधीच बंद झालेले असते. शेतकरी ज्याला यश म्हणतो ते या गणिताच्या परिघाबाहेरच आहे.

शिवाय नोंदलेले यशही जाहिरातीचेच असते असे नाही. ‘ईबे’ कंपनीतील प्रयोगांवर आधारित ब्लेक, नोस्को व टॅडेलिस यांच्या २०१५ च्या अभ्यासात असे दिसून आले की, कंपनीचे नाव टाकून शोध घेणाऱ्यांना दाखविलेल्या जाहिराती बंद केल्यावरही ते ग्राहक जवळपास सर्वच अन्य मार्गाने तेथे पोहोचले. वाणाचे नाव टाइप करणारा शेतकरी बहुधा शेजाऱ्याचे पीक पाहूनच आलेला असतो. त्याच्या खरेदीचे श्रेय मात्र जाहिरातीच्या खात्यात जमा होते.

यातून दोन धोके संभवतात. पहिला पुराव्याचा. रस्त्यालगतच्या निवडक शेताचे चित्र एकांगी असले तरी ते शेत अस्तित्वात होते. यंत्रनिर्मित चित्रातील पिकाला शेतच नसते. दुसरा सार्वजनिकतेचा. भिंतीवरील वा वृत्तपत्रातील दावा सर्वांना सारखाच दिसे. आता प्रत्येक मोबाइलवर वेगळा मजकूर दिसू शकतो आणि हंगाम संपेपर्यंत तो नाहीसाही होतो. २०१२ मध्ये ज्या प्रकारे एका छापील दाव्याला आव्हान देता आले, तसे देण्यासाठी आवश्यक असलेला कागदच उरत नाही. बियाण्याच्या पाकिटावरील अंकुरणक्षमता व शुद्धता यांची माहिती १९६६ च्या कायद्याच्या कक्षेत येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे. तथापि जाहिरात जपून ठेवलेली नसेल तर या तरतुदीचा आधार घेणे अवघड होते.

मोजमापाची दुरुस्ती

यावर उपाय म्हणून तंत्रज्ञान नाकारणे व्यवहार्य नाही आणि उचितही नाही. योग्य वाणाची माहिती योग्य जमिनीच्या शेतकऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचविण्याची क्षमता या प्रणालीत निश्चित आहे. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन-७११ सारख्या तुरीच्या वाणाला खासगी वाणांइतका जाहिरातीचा पाठिंबा मिळणे कठीण असते. अशा वाणांच्या प्रसारासाठीही तेच तंत्र वापरता येईल. प्रश्न यंत्राला कोणते माप द्यावयाचे एवढाच आहे.

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी जमीन व पाऊसमानाने मिळत्याजुळत्या तालुक्यांच्या जोड्या करून, एकात जाहिरात सुरू व दुसऱ्यात बंद ठेवून विक्रीची तुलना करावी. जाहिरातीचा खरा परिणाम क्लिकपेक्षा यातून अधिक विश्वसनीयपणे कळेल. दुसरी, पाकिटावरील लॉट क्रमांकाच्या आधारे सुगीनंतर शेतकऱ्यांचा अनुभव नोंदवून, पुढील वर्षी जाहिरात कोणत्या वाणाची व कोठे करावी हे त्यावरून ठरवावे. ९० दिवसांच्या खिडकीत न मावणारी माहिती अशा रीतीने माणसांनी निर्णयप्रक्रियेत आणावी लागेल. तिसरी, हंगामातील ऑनलाइन जाहिराती दिनांकासह जतन कराव्यात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, वाणिज्य, मराठी व संगणकशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे हे काम आहे. भिंतीवरील रंग उडाला तरी त्याची आठवण उरते. मोबाइलवरील जाहिरातीची तीही उरत नाही.

निष्कर्ष

जालन्यातील बियाणे-जाहिरातीचा इतिहास हा पारखीच्या स्थलांतराचा इतिहास आहे. ही पारख प्रथम शिवारात होती. वाणांच्या गर्दीत ती नावांवर गेली आणि लिलावाच्या युगात क्लिकवर येऊन स्थिरावली. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढला, तसा शेतकऱ्याचा त्या निर्णयातील वाटा घटला. जाहिरातीची कामगिरी सुधारली असे विधान यापुढे केले जाईल, तेव्हा ती कोणाच्या मापाने सुधारली हे विचारणे अभ्यासकांचे कर्तव्य आहे. बियाण्यावरील खर्च शेतकरी पेरणीपूर्वी करतो आणि त्याचा निकाल त्याला वेचणीला कळतो. जाहिरातीचा हिशेबही त्याच दिवसापर्यंत खुला राहिला, तरच त्याला हिशेब म्हणता येईल.