बरणीचा पांढरा ब्रिस्टॉलचा, तपकिरी कोलोनचा

पेण तालुक्यातले कासू, तिथून पुढे नागोठणे आणि रोहे, या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या घरात लोणच्याची बरणी म्हटली की एकच रूप डोळ्यांसमोर येते. खांद्यापासून वर तपकिरी, खाली दुधाळ पांढरी, गळ्याशी खोलगट खाच आणि त्या खाचेत दोऱ्याने आवळलेला दादरा. ही बरणी आजीच्या काळची, म्हणून अस्सल आपली, असे सगळे धरून चालतात. तिला चिनीमातीची म्हणतात, म्हणून ती मुळात चीनची, असे थोडे जाणकार सांगतात. माझ्या मते दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. या बरणीचा पांढरा रंग इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा आहे आणि तपकिरी रंग त्याहून जुना, जर्मनीतल्या कोलोनचा आहे. कैरी, मीठ आणि मोहरीचे तेल-तिखट तेवढे आपले.

आधी चीनचा दावा पाहू, कारण तो हलका नाही. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून मोठमोठे झिलईदार रांजण हिंदी महासागरभर फिरत. ते बंदराच्याच नावाने ओळखले जात आणि हिंदी-उर्दूत बरणीला आजही मर्तबानच म्हणतात. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात त्याला असे चार मर्तबान भेट मिळाल्याचा उल्लेख आहे. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे मिठात मुरवून भरलेले होते, अगदी समुद्रप्रवासाची शिदोरी. म्हणजे झिलईदार भांड्यात आंब्याचे लोणचे ही गोष्ट सहाशे वर्षांहून जुनी ठरते. आपल्या रायगड जिल्ह्यात चौल हे त्या व्यापाराचे नावाजलेले बंदर, आणि तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांची खापरे सापडली आहेत. एवढे सगळे जुळून आल्यावर बरणीचे कूळ चौलमार्गे चीनशी जोडायचा मोह कुणालाही होईल.

पण भांडे हातात घेऊन पाहिले की हा धागा तुटतो. मर्तबानी रांजणाची झिलई वरून ओघळत येते आणि बुडापाशी बहुधा उघडी माती राहते. खांद्यावर झाकण बांधायला दोरी ओवण्याचे छोटे कान असतात. आपल्या बरणीला कान नाहीत, त्यांच्या जागी गळ्याची खाच आहे. टेकण्याची कड सोडली तर तिला बुडापर्यंत झिलई आहे. आणि मुख्य म्हणजे दोन रंगांची सीमा ओघळलेली नाही, सुरीने कापल्यासारखी आडवी सरळ आहे. चिनीमाती या नावावरही भिस्त ठेवता येत नाही. खरी चिनीमाती म्हणजे केओलिन, तिच्यापासून पातळ, उजेडाला धरले तर झिरपता प्रकाश दाखवणारी भांडी होतात. बरणी जाड, अपारदर्शक, बाराशे अंशांच्या पुढे भाजून दगडासारखी झालेली. इंग्रजीत या जातीला स्टोनवेअर म्हणतात. सिमेंटच्या आधी आपल्या मोऱ्यांना जे तपकिरी, तुकतुकीत पाइप लावत, ते याच जातीचे.

दगडासारखे भांडे हवे कशाला, याचे उत्तर मिठात आहे. कुंभाराचे साधे लाल मडके सच्छिद्र असते. त्यात खार भरला की तो भिंतीत मुरतो, बाहेरच्या अंगाला मिठाचे स्फटिक धरतात आणि कालांतराने मडक्याचे पापुद्रे सुटू लागतात. पितळेत आंबट घातले की कळकते. मिठागरांच्या पेण परिसरात मिठाला तोटा नव्हता, पण मीठ-आंबट वर्षभर सोसेल असे भांडे नव्हते. हीच अडचण सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या वसाहतींत होती. तिथले कुंभार गावोगावच्या लाल मातीची भांडी करत आणि ती गळू नयेत म्हणून शिशाची झिलई देत. ही भांडी रेडवेअर म्हणून ओळखली जातात. व्हिनेगर, लोणची, ताक असले काही त्यात ठेवले की आंबटाने शिसे सुटे आणि पोटात जाई. १७८५ साली फिलाडेल्फियातल्या एका वृत्तपत्राने या धोक्याचा जाहीर इशारा देऊन स्टोनवेअरचा आग्रह धरला होता. लाल मातीकडून दगडी भांड्याकडे जाणे ही तिथे जिवाची बाब होती.

युरोपात स्टोनवेअरची पहिली झिलई मिठाची. पंधराव्या शतकापर्यंत ऱ्हाइन नदीकाठच्या कुंभारांना हे तंत्र साधले होते. भट्टी ऐन भरात असताना तिच्यात मीठ फेकायचे, त्याची वाफ होऊन सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत काच चढते. कोलोन आणि शेजारच्या फ्रेखनची माती भाजल्यावर करडी होई, म्हणून कुंभार भांड्यावर आधी लोहयुक्त मातीचा हात देत आणि भांडे तपकिरी निघे. दाढीवाल्या माणसाचा चेहरा उमटवलेले हे तपकिरी कुजे युरोपभर विकले गेले, आणि इंग्लंडमध्ये तर चांगले दगडी भांडे म्हणजे तपकिरी भांडे असे समीकरणच होऊन बसले. १६७२ मध्ये लंडनजवळच्या फुलहॅमच्या जॉन ड्वाइटने स्टोनवेअरचे पेटंट घेतले, त्यात या मालाला लोक कोलोनचा माल म्हणतात असा उल्लेख आहे. पुढे लंडनचे कुंभार कुज्याचा वरचा अर्धा भाग लोहमातीत बुडवू लागले. वर तपकिरी, खाली फिकी माती. दोन रंगांची जोडी इथे जन्मली.

मात्र या लंडनी कुज्यांना आपल्या बरणीचे थेट पूर्वज म्हणता येत नाही, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. मिठाची वाफ भांड्याच्या बाहेरून फिरते. एकावर एक रचलेल्या, तोंड झाकलेल्या भांड्यात ती नीट शिरत नाही. अमेरिकन कुंभार तर यावर उपाय म्हणून हडसन नदीकाठच्या ऑल्बनीची गडद माती कालवून आतल्या अंगाला फासत. लोणच्याची गरज नेमकी उलटी, झिलई आधी आतून पाहिजे. ही गाठ १८३५च्या सुमारास ब्रिस्टॉलच्या विल्यम पॉवेलने सोडवली. त्याने फेल्डस्पार आणि जस्ताचे भस्म घालून बिनशिशाची पातळ झिलई केली. कच्चे भांडे तीत बुडवायचे आणि एकदाच भाजायचे. मिठाचा धूर नाही, आत-बाहेर सारखी गुळगुळीत काच, रंग दुधाळ. आपल्या बरणीच्या आत डोकावले की जे पांढरे अस्तर दिसते ते याच जातीचे. हे तंत्र आले नसते तर वर्षाची कैरी वर्षभर टिकवणारी स्वस्त बरणी निघाली नसती.

मग पॉवेलची झिलई मुळात पांढरी असताना वरचा भाग तपकिरी का? यावर तीन स्पष्टीकरणे ऐकू येतात. एक म्हणजे हाताळून मळणारा भाग गडद ठेवला. हे तितकेसे पटत नाही. झिलईदार पृष्ठभाग फडक्याने पुसला की स्वच्छ होतो, आणि मळायचेच झाले तर बूड आधी मळते. दुसरे स्पष्टीकरण सोयीचे. कच्चे भांडे बुडाशी धरून वरचा भाग एका झिलईत, मग उलटे धरून खालचा भाग दुसरीत बुडवला की बोटांचे ठसे ओल्या झिलईवर उमटत नाहीत. हे खरे आहे. जुन्या बरणीच्या खांद्यावर बोट फिरवले तर दोन झिलया जिथे एकमेकींवर चढल्या तिथे बारीक उंचवटा लागतो, आणि त्या पट्टीत रंग किंचित मधासारखा होतो. पण सोय म्हणून दोनदा बुडवायचे तर दोन्ही वेळा पांढऱ्यातच बुडवता आले असते. तिसरे स्पष्टीकरण मला पटते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना शंभर-दीडशे वर्षे दुरंगी कुज्याची सवय झाली होती. नव्या झिलईवर विश्वास बसावा म्हणून जुना रंग मुद्दाम राखला, वरच्या झिलईत लोह मिसळून. म्हणजे कोलोनची नक्कल लंडनने केली, लंडनची ब्रिस्टॉलने, आणि ब्रिस्टॉलची आपण.

इथे अमेरिकेचा दावा उभा राहतो, कारण तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आपल्या बरणीची सख्खी बहीण शोभेल असा दुरंगी जग सर्रास मिळतो, वर ऑल्बनी मातीचा तपकिरी आणि खाली ब्रिस्टॉलचा पांढरा. काळ पाहिला की हा दावा गळतो. अमेरिकेत ब्रिस्टॉल झिलईचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. तोवर इंग्लंडचा दुरंगी माल वसाहतींत कधीचाच पोचला होता. त्यामुळे अमेरिकन जग आपल्या बरणीची आई नव्हे, चुलतबहीण आहे.

इंग्लंडहून इथवरची वाट बाटल्यांनी घातली. जिंजर बिअर आणि शाई दगडी बाटल्यांतून येई. डर्बीशायरमधल्या डेन्बीच्या बोर्न घराण्याच्या बाटल्यांतली शाई तर कचेऱ्याकचेऱ्यांत होती, आणि रिकाम्या बाटल्या टाकून देण्याची आपल्याकडे रीत नव्हती. पाठोपाठ तंत्र आले. बंगालमध्ये राणीगंजला बर्न कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टोनवेअरचा कारखाना काढला, मुख्यतः गटाराच्या पाइपांसाठी. पश्चिमेकडे हे काम नेणारा माणूस मराठी होता, याचे मला फार अप्रूप वाटते. परशुराम गणपुळे यांनी सौराष्ट्रात योग्य माती हेरून थान इथे परशुराम पॉटरी उभी केली. पुढे वांकानेर आणि मोरबीपर्यंत हा उद्योग पसरला, आणि आज मोरबी टाइल्ससाठी जगभर ओळखले जाते. उत्तरेत खुर्जा आणि चुनार इथे दुरंगी बरण्या होत राहिल्या.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला विसरलात, असा आक्षेप कुणी घेईल. तिथे जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात सिंधी कारागिरांच्या साहाय्याने भांड्यांची कार्यशाळा चालवली आणि त्या मालाला परदेशी प्रदर्शनांत नाव मिळाले, हे खरेच. पण ती कमी आचेची, निळ्या-हिरव्या रंगकामाची शोभेची भांडी. त्यांचे नाते सिंध-मुलतानच्या फरशांशी आहे. लोणच्याच्या बरणीशी त्यांचा संबंध नाही.

बरण्या कोकणात का झाल्या नाहीत, हेही याच मातीत लिहिले आहे. कासूच्या आसपासची जमीन बेसाल्टची झीज होऊन झालेली, लोहाने भरलेली. भट्टी हजार अंशांच्या थोडी पुढे गेली की असली माती मऊ पडून बसकण मारते, बाराशेपर्यंत ती टिकतच नाही. पेणच्या गणपतीची शाडूही गुजरातेतून येते. न्यू यॉर्कमध्येही तसेच होते. लाल माती जागोजागी, पण स्टोनवेअरची माती न्यू जर्सीतल्या ॲम्बॉय परिसरात. १८२५ मध्ये एरी कालवा सुरू झाला, माती बोटींतून आत जाऊ लागली आणि कालव्याच्या काठाने दगडी भांड्यांचे कारखाने निघाले. आपल्याकडे माती आणण्याऐवजी तयार बरणीच आली. रोह्यापर्यंत रेल्वे पोचली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात. त्याआधी जड आणि फुटणारा माल पाण्याने आणणेच शहाणपणाचे. पेणचे अंतोरा, धरमतर आणि अंबा नदीवरचे नागोठणे या बंदरांतून मुंबईचा माल उतरे. कासू पेण आणि नागोठणे या दोन वाटांच्या मधोमध आहे. तेव्हा इथली पहिली बरणी गवतात गुंडाळून मचव्यातून आली असणार, याबद्दल मला शंका नाही.

एक आक्षेप मी मान्य करतो. झिलई आणि रंग युरोपचे असले, तरी भरदार खांदा, निमुळते बूड आणि कापडाने तोंड बांधण्याची रीत आशियाई आहे. इंग्रजी जार बहुधा सरळसोट नळकांडे असतो. आपल्या कारागिरांनी परकी कातडी ओळखीच्या अंगावर चढवली. पण कुळाचा प्रश्न पडतो तेव्हा भांडे कशामुळे उपयोगी झाले ते पाहावे लागते, आणि ते झिलईमुळे झाले. आकार बदलून सट झाला तरी लोणचे टिकतेच. झिलई गेली की टिकत नाही.

अमेरिकेत ही भांडी गोळा करणारे लोक ठसा, गॅलनचा आकडा, निळ्या कोबाल्टची फुलपाने यांवरून कारखाना आणि साल ठरवतात. साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेला कुंभार डेव्हिड ड्रेक आपल्या रांजणांवर ‘डेव्ह’ अशी सही करी आणि तारीख घाली. २०२१ मध्ये त्याचा एक रांजण लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेला. आपल्या बरण्यांना तो भाव कधी येणार नाही आणि यायची गरजही नाही. पण त्यांच्यावर कारखान्यांचे ठसे आहेत, आणि प्लास्टिक आल्यापासून त्या भंगारात चालल्या आहेत. कासू-नागोठण्याच्या ज्या घरांत अशी बरणी अजून असेल, त्यांनी ती द्यायच्या आधी एकदा उलटी करावी, बुडावरचा ठसा कोळशाने कागदावर उतरवून घ्यावा आणि शेजारी लिहून ठेवावे की ती कुणी, केव्हा, कुठून आणली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते अजून सांगता येते, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.