यादी आली, परवानग्या मागेच राहिल्या: सामायिक पत्तावहीचा छोटा इतिहास

पीएचडीच्या पहिल्याच वर्षात तुमच्याकडे एक यादी तयार होते. मुलाखत दिलेली माणसं, ग्रंथपाल, दफ्तरखान्यातले संपर्क, तालुक्याच्या गावातले दुवे. ती विभागाच्या मेल सर्व्हरवर सगळ्यांसाठी ठेवली, की तक्रारी सुरू होतात. एकाला नावं दिसतात, पण नवीन घालता येत नाही. दुसरीला फोल्डरच दिसत नाही. तिसऱ्याने फक्त बघायचं होतं, त्याच्या हातून अर्धी यादी पुसली जाते. आपण म्हणतो, सर्व्हर बिघडलाय. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. तो एका अर्धवट राहिलेल्या इतिहासाप्रमाणे वागत असतो.

पुण्यातल्या 1990 च्या दशकातले शोधनिबंध काढून पहिलं पान बघा. लेखकाच्या नावाखाली 'युनिपुणे.अर्नेट.इन' किंवा 'आयुका.अर्नेट.इन' असा पत्ता सापडेल. अर्नेट हे 1986 मध्ये सुरू झालेलं शिक्षण-संशोधनाचं जाळं. त्या काळच्या युनिक्स यंत्रांवर परवानगीचा हिशेब सोपा होता: मालक, गट आणि इतर. प्रत्येकासाठी वाचणं, लिहिणं आणि चालवणं. सगळे एकाच यंत्रावर काम करतात तोवर हे पुरतं. पण "ह्या दोघींना लिहू दे, त्याला फक्त वाचू दे" असं म्हटलं की तीन खाने अपुरे पडतात. नावानिशी परवानगी देण्याची कल्पना 1960 च्या दशकातल्या मल्टिक्स प्रणालीत होती. युनिक्सने सोपेपणासाठी ती बाजूला ठेवली.

मग पत्त्यांच्या याद्या यंत्राबाहेर पडल्या. 1988 मध्ये एक्स.500 हे निर्देशिकेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि 1993 मध्ये त्याचं हलकं रूप, एलडॅप. आता कुठल्याही सर्व्हरला एकाच भाषेत विचारता येऊ लागलं, "या नावाचा पत्ता काय?"

आता 2000 सालाकडे नीट बघा, कारण गोम इथे आहे. त्या वर्षी मे महिन्यात आरएफसी 2820 प्रसिद्ध झालं. एलडॅपमध्ये परवानग्यांची व्यवस्था कशी असायला हवी, याच्या अपेक्षा त्यात होत्या. पुढच्याच महिन्यात आरएफसी 2849 आलं. त्यात नोंदी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याचा फाइल-नमुना, एलडीआयएफ, ठरला. नोंदींचा नमुना सगळीकडे रुजला. परवानग्यांचं सामायिक मानक मात्र झालंच नाही. ओपनएलडॅप आपल्या पद्धतीने नियम लिहितं, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आपल्या. म्हणून सर्व्हर बदलला की नावं नव्या घरी सुखरूप पोचतात. ती कोणी बघायची, कोणी बदलायची, हे जुन्या घरीच राहतं.

मेलपेट्यांच्या बाजूला गोष्ट थोडी बरी. आयमॅपसाठी 1997 मध्ये आरएफसी 2086 ने एकेका अक्षराचे हक्क ठरवले: 'एल' म्हणजे फोल्डर यादीत दिसणं, 'आर' म्हणजे वाचणं, 'आय' म्हणजे नवीन नोंद घालणं, 'डी' म्हणजे पुसणं. पण 'डी' मध्ये बरंच काही कोंबलं गेलं होतं, आणि निरनिराळे सर्व्हर त्याचा निरनिराळा अर्थ लावत. 2005 मध्ये आरएफसी 4314 ने ते वेगळं केलं: नोंदीवर पुसल्याची खूण करणं, ती कायमची काढणं आणि अख्खी पेटीच काढून टाकणं, असे तीन हक्क.

कोलॅबसारख्या प्रणालीत पत्तावही हा आयमॅपचाच फोल्डर असतो. आता वरच्या तक्रारी परत वाचा. पहिल्याला 'आय' नाही. दुसरीकडे 'आर' असेल, पण 'एल' नाही. तिसऱ्याला पुसण्याचा हक्क चुकून मिळालाय. आणखी एक मेख आहे. आयमॅपमध्ये ठेवलेली नोंद जागच्या जागी बदलता येत नाही. फोन नंबर सुधारणं म्हणजे नवी नोंद घालून जुनी पुसणं. म्हणजे ज्याने दुरुस्ती करायची, त्याला दोन्ही हक्क लागतात. नाहीतर दुरुस्ती अडते किंवा जुनी-नवी दोन्ही राहतात.

मग करायचं काय? एक: तपासणी प्रशासकाच्या खात्यातून करू नका, त्याला सगळंच दिसतं. ज्याची तक्रार आहे त्याच्या खात्यातून 'मायराइट्स' ही आज्ञा द्यायला सांगा. सर्व्हर त्याचे प्रत्यक्षातले हक्क सांगतो. दोन: घाईत 'एनीवन'ला हक्क देऊन मोकळे होऊ नका. आपल्याला वाटतं "विभागातले सगळे". मानकानुसार त्यात ओळख न सांगता आलेलाही धरलेला आहे. तीन: मालकी एकाच विद्यार्थ्याच्या खात्यावर ठेवू नका. त्याचा व्हायवा होतो, खातं बंद होतं, आणि हक्क बदलणारं कोणी उरत नाही.

हे सगळं संगणकवाल्यांनी बघावं, असं वाटत असेल तर यादीत कोण आहे ते आठवा. तुमच्यावर विश्वास ठेवून बोललेल्या माणसांचे नंबर तिथे आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, पण ठरवून दिलेले निकष पाळण्याच्या अटीवर. आणि संमतीपत्रावर "माहिती गुप्त राहील" हे वाक्य तुम्हीच लिहिलेलं असतं.

म्हणून यादीसोबत एक साधं पान ठेवा. कोण बघणार, कोण घालणार, कोण पुसणार, आणि का, हे सरळ मराठीत लिहा. सर्व्हर उद्या बदलेल. ते पान असेल तर नव्या सर्व्हरवर परवानग्या अंदाजाने द्याव्या लागणार नाहीत.