भुई, घरातील : सपाटीकरणाचा इतिहास

घराच्या तळाशी केलेल्या, वावरण्यास योग्य अशा सपाट पृष्ठभागास भुई किंवा जमीन म्हणतात. ती गुळगुळीत करण्याच्या पद्धतींमागे स्थूलमानाने दोन तत्त्वे आढळतात : पदार्थ चोपून व घोटून सपाट करणे आणि पातळ पदार्थ ओतून त्याला आपली पातळी घेऊ देणे. पहिले तत्त्व प्राचीन असून दुसरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. दोहोंचे यश वरच्या थरापेक्षा त्याखालील तळावर अधिक अवलंबून असते, हे मराठवाड्यात विशेष प्रत्ययास येते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळसचा परिसर गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीचा आहे. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे मृद्‌खनिज पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे जमिनीस खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवणारी ही माती कापूस व ज्वारीस मानवते, बांधकामास मात्र ती घातक ठरते. शेताची ती ‘काळी’ व वस्तीची ती ‘पांढरी’ हा जुना ग्रामीण भेद या संदर्भात अर्थपूर्ण आहे. भुईसाठी मुरूम व पांढरी माती यांची भर घालून, पाणी शिंपडून ती चोपण्याने ठोकीत आणि वर शेणमातीचे सारवण करीत. सारवण लवकर झिजत असल्याने ते वारंवार करावे लागे. हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे होते. हाताच्या तळव्याने खळगे भरून काढणारे व भेगा रुंदावण्यापूर्वी बुजविणारे हे कौशल्य वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत क्वचितच नोंदले गेले.

वाडे व देवळे यांत कोबा करीत. बैलघाणीत मळलेला चुना, विटांचे तुकडे व सुरखी यांचा थर लाकडी थाप्यांनी कित्येक दिवस ठोकून घट्ट केला जाई. चुन्यात गूळ, हिरडा इत्यादींचे पाणी मिसळीत आणि शेवटी निरू घोटीत. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकात वर्णिलेली थरांची, ठोकून केलेली जमीन याच तत्त्वावरील होय.

पुढे शहाबादी फरशीचा प्रसार झाला. शहाबाद व परभणी ही दोन्ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. हा चुनखडक थराथरांनी सुटत असल्याने त्याला घोटाई कमी लागते. काळ्या मातीवर फरशा खालीवर होतात, परंतु त्या उचलून पुन्हा बसविता येतात. सलग जमिनीत ही सोय नाही.

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले. मुंबईत १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स या कंपनीने स्वदेशी सिमेंट-लाद्यांचा उद्योग आरंभिला.

ओतीव पद्धत शक्य झाली ती १९६० नंतरच्या दशकात जपान व जर्मनी येथे विकसित झालेल्या रसायनांमुळे. त्यांच्या योगे कमी पाण्यातही सिमेंटचे मिश्रण प्रवाही राहते. स्वयंसमतल लेपात सिमेंट किंवा जिप्सम, बारीक वाळू व बहुवारिकाची पूड असते. तळ धूळविरहित करून त्यावर अस्तर देतात, मोजलेल्या पाण्यात कालविलेले मिश्रण ओततात, दाताळ्याने पसरतात आणि काटेरी रूळ फिरवून त्यातील हवा काढतात. ‘स्वयंसमतल’ हे नाव काहीसे फसवे आहे. लेप थोड्याच मिनिटांत घट्ट होऊ लागतो व हात न लावता सर्वत्र पोहोचत नाही. पाणी वाढविल्यास वाळू खाली बसते आणि वर दुबळा, भुकटी सुटणारा थर येतो.

स्वीडनमध्ये १९७७ च्या सुमारास दुधातील केसीन घातलेले लेप वापरात आले. ओलसर काँक्रीटच्या अल्कधर्मी ओलाव्याने केसिनाचे विघटन होऊन अमोनियाची दुर्गंधी सुटू लागली आणि ओक लाकडाच्या जमिनी काळवंडल्या. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकात हा घटक मागे पडला.

काळ्या मातीवर थेट टाकलेल्या काँक्रीटला तडे गेल्यास काही मिलिमीटर जाडीच्या लेपातही तेच तडे उमटतात. म्हणून अशा ठिकाणी प्रथम काळी माती खणून काढतात, मुरूम भरून थराथराने ठोकतात व भिंतींलगत पाणी मुरू न देण्याची व्यवस्था करतात.