घरची बदके वन्यप्राण्यांपासून कशी वाचवायची? दौंड-शिरूरच्या वस्तीवर राहणाऱ्यांसाठी सोपी माहिती

संध्याकाळी मोजून कोंडलेली बदके सकाळी गायब, खुराड्यात नुसती पिसे. वस्तीवर बदके पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी पहिला संशय बिबट्यावर जातो. पण दर वेळी चोर तोच असतो असे नाही. चोर कोण हे कळले, तरच उपाय लागू पडतो.

बदकेच का सापडतात?

कोंबडी रात्री उंच जागी बसते. बदक जमिनीवरच झोपते. खाकी कॅम्पबेल, पेकिन अशी पाळीव बदके सहसा उडून सुटू शकत नाहीत. त्यांची चालही मंद असते. त्यामुळे उघड्यावर किंवा कच्च्या खुराड्यात रात्र काढणारे बदक म्हणजे सोपी शिकार.

आपल्या भागात धोका कोणापासून?

भीमा, मुळा-मुठा आणि घोड नदीच्या पाण्यावर दौंड आणि शिरूर तालुक्यांत ऊस उभा राहिला. वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, त्याची पिल्लेही उसातच जन्मतात. ऊसतोड सुरू झाली की हा आडोसा जातो आणि बिबटे जागा बदलतात. तालुक्याच्या कोरडवाहू बाजूला, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडील माळरानावर कोल्हा, खोकड आणि लांडगा आढळतो. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, साप, घार आणि मोकाट कुत्री तर सगळीकडेच आहेत.

चोर कसा ओळखायचा?

- मोकाट कुत्री: अनेक बदके मारतात, पण बरीचशी न खाताच टाकून जातात. मातीत नखांसह पाऊल उमटते.
- कोल्हा: पक्षी उचलून नेतो. उसाच्या किंवा झुडपाच्या दिशेने पिसांचा माग दिसतो.
- मुंगूस: दिवसा येते. मान किंवा डोके चावते, अंडी फोडून खाते.
- उदमांजर, रानमांजर: रात्री येतात. छोटी फट किंवा सैल पत्रा त्यांना पुरतो.
- साप: अंडी किंवा लहान पिल्ले मागमूस न ठेवता नाहीशी होतात.
- घार: भर दिवसा उघड्यावरची पिल्ले उचलते.
- बिबट्या: जाळी फाटते, दार किंवा छप्पर मोडते. पाऊल गोलसर असते आणि त्यात नखे उमटत नाहीत.

खुराडे कसे असावे?

सर्वांत मोठी चूक जाळीची असते. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी बदकांना आत ठेवते, पण बाहेरच्या प्राण्याला अडवत नाही. कुत्रेही ती फाडते. त्याऐवजी अर्धा इंच चौकोनी भोकांची जाड वेल्डमेश जाळी वापरा.

जाळी जमिनीत साधारण एक फूट गाडा आणि खालचे टोक बाहेरच्या बाजूला वळवा. उकरणारा प्राणी तिथेच अडतो. वरून छप्पर हवेच. बिबट्या आणि उदमांजर दोघेही चढतात, त्यामुळे नुसते उंच कुंपण कामाचे नाही. बिबट्याचा वावर असेल तर खाली विटांची भिंत, वर लोखंडी अँगलवर जाळी आणि घट्ट बसवलेला पत्रा असे बांधकाम करा. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावा.

एका बदकाला रात्रीसाठी तीन ते चार चौरस फूट जागा धरा. बदकांची विष्ठा पातळ असते, म्हणून हवा खेळती ठेवा आणि खाली भुसा किंवा उसाचे कोरडे पाचट अंथरा. रात्री आत खाद्य ठेवू नका. खाद्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात.

रोजची शिस्त

दिवस मावळायच्या आधी बदके आत घ्या. रोज त्याच वेळी खुराड्यात थोडे खाद्य टाकले, तर काही दिवसांत ती आपोआप येऊ लागतात. सकाळी नऊपर्यंत सोडू नका. बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी घालतात, त्यामुळे अंडीही खुराड्यातच मिळतात. लहान पिल्लांना दिवसाही जाळीखालीच ठेवा.

कुत्रा राखणीला ठेवला की झाले?

बिबट्याच्या भागात नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबाने त्याच्या आहारात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे मोकळा कुत्रा हेच बिबट्याचे मुख्य खाद्य. राखणीचा कुत्राही रात्री बंदिस्त जागेतच हवा. मेलेली बदके किंवा कापल्यावर उरलेली घाण उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. घाणीवर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

हा प्रश्न फक्त बदकांचा नाही

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एका वृद्ध महिलेचा जीव गेला. सहज शिकार मिळणारे खुराडे बिबट्याला पुन्हा पुन्हा घराच्या अंगणात आणू शकते. म्हणून अंधार पडल्यावर बदके कोंडायला लहान मुलांना पाठवू नका. खुराड्याभोवतीचे गवत आणि झुडपे काढा, दिवा लावा. रात्री आवाज आला तर एकट्याने बाहेर जाऊ नका. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसू शकतो.

हे मात्र करू नका

मेलेल्या बदकावर विष टाकणे, फास लावणे किंवा कुंपणात वीज सोडणे हे तिन्ही प्रकार धोक्याचे आहेत. विषाने आपली गुरे-कुत्री मरतात. विजेच्या कुंपणाने शेतकऱ्यांचे आणि शेजाऱ्यांचे जीव गेले आहेत. बिबट्या, कोल्हा, रानमांजर, मुंगूस या सर्वांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे.

बिबट्या दिसला तर?

घरात राहा, दारे बंद करा. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा. बिबट्या खुराड्यात अडकला असेल तर गर्दी करू नका आणि व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. घाबरलेला बिबट्या अंगावर येतो. नुकसान झाले असेल तर जागा तशीच ठेवा, फोटो काढा आणि लगेच वनरक्षकाला कळवा.

सगळे उपाय एकदम जमणार नाहीत. पण आज संध्याकाळी निदान एवढे करा: खुराड्याभोवती एक चक्कर मारा, प्रत्येक फट हाताने तपासा आणि दाराला दुसरी कडी बसवा.