जुन्या मोटारीची पाठचिकित्सा

'विंटेज' हा शब्द मुळात द्राक्षमळ्यातला आहे. एखाद्या विशिष्ट वर्षीची द्राक्षांची तोडणी आणि त्या द्राक्षांपासून तयार झालेले मद्य, असा त्याचा जुना अर्थ. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या 'विंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब'मुळे तो मोटारींच्या संदर्भात पक्का झाला. या क्लबच्या लेखी १९१९ ते १९३० या काळात तयार झालेली गाडी तेवढी 'विंटेज'. पुढे शब्द सैल झाला आणि आज आपल्याकडे मोठ्या मडगार्डांच्या कोणत्याही जुन्या गाडीला तो लावला जातो. तरीही मूळ अर्थाचा एक धागा त्यात टिकून आहे, तो वर्षाचा. ही वस्तू कोणत्या वर्षाची, आणि ती खरोखरच त्या वर्षाची आहे का, हा प्रश्न या शब्दात गृहीत आहे. जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी जाणकार मंडळी तिची जी तपासणी करतात, तीही याच प्रश्नाभोवती फिरते. साहित्याच्या अभ्यासकांनी या तपासणीकडे एकदा नीट पाहावे असे वाटते. तिची रीत हस्तलिखितांच्या चिकित्सेशी जुळणारी आहे आणि 'मूळ' या शब्दाचा आपण जो सहज वापर करतो, त्याला ती काही अवघड प्रश्न विचारते.

तपासणीची सुरुवात गाडीपासून होत नाही, कागदांपासून होते. नोंदणीपुस्तकावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे प्रत्यक्ष लोखंडावर ठोकलेल्या क्रमांकांशी जुळतात का, हे प्रथम पाहिले जाते. पण जुळणी हा पुरावा अंतिम नव्हे. जुन्या काळी हे आकडे हाताने, ठशांवर हातोडा मारून उमटवलेले असत. त्यामुळे त्यांची खोली किंचित कमीजास्त असते, रांग जराशी वाकडी असते. आकडे फार सरळ आणि टवटवीत दिसले, त्यांच्याभोवतीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला आढळला, तर जाणकाराच्या मनात शंका येते. कोणत्या कारखान्याचा चार कसा दिसे आणि सात कसा, याची माहिती त्याने जवळ बाळगलेली असते. लिपीच्या वळणावरून पोथीचा काळ ठरवणाऱ्या अभ्यासकाचेच हे काम.

त्यानंतर येतो सांगाडा. येथे एक ऐतिहासिक वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारख्या कंपन्या पूर्ण मोटार विकत नसत. त्या चासी, इंजिन आणि चाके एवढाच भाग देत. वरची बैठक, दारे, टप हे सारे ग्राहक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून, म्हणजे बग्ग्या बांधण्याच्या परंपरेतून आलेल्या कारागिराकडून करून घेई. ॲश लाकडाची चौकट आणि तिच्यावर ठोकलेला ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा, अशी ही रचना. म्हणजे अशी मोटार जन्मतःच दोन कर्त्यांची असते. काही गाड्यांचा वरचा भाग मालकाच्या हयातीतच दोनदा, तीनदा बदलला गेला. मग तपासणाऱ्याने 'मूळ' कशाला म्हणावे? पहिल्याला, की सर्वांत जास्त काळ टिकलेल्याला?

पत्र्यावर तो लोहचुंबक फिरवतो. पोलादी पत्र्यावर चुंबक जेथे ढिला पडतो तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते आणि पुट्टीखाली बहुधा गंज असतो. ॲल्युमिनियमवर चुंबक निरुपयोगी, तेथे बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकावा लागतो. दार अर्धे उघडून हलवले की बिजागऱ्यांजवळची लाकडी चौकट कुजली आहे का ते कळते. खरी साक्ष मात्र रंगाऱ्याचा हात पोचत नाही अशा जागी सापडते. आसनाखाली, बिजागरीच्या मागे, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पडदीच्या कोपऱ्यात जुन्या रंगाचे थर एकावर एक बसलेले असतात. वरून लाल दिसणारी गाडी तेथे आधी काळी, त्याआधी करडी आणि अगदी तळाशी हिरवी असते. पुसून पुन्हा लिहिलेल्या पाटीवर जुनी अक्षरे पुसट दिसावीत, तसे हे वाचन आहे.

इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच घ्यायची, हा जुना दंडक आहे. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच विक्रेत्याने गाडी चालू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावताच ते समजते आणि त्या घाईमागचे कारण विचारावे लागते. सुरू होताना निघणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळते आहे अशी शंका घ्यावी. तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ साका दिसला तर पाणी तेलात मिसळते आहे. हे दोष मोठे खरे, पण ते दुरुस्त होतात. दुरुस्त न होणारा दोष एकच, तो म्हणजे गाडीविषयी सांगितलेली खोटी गोष्ट.

या प्रश्नाची सर्वांत गाजलेली चर्चा इंग्लंडमधल्या एका न्यायालयात झाली. १९२९ साली बेंटली कंपनीने 'स्पीड सिक्स' जातीची एक शर्यतीची गाडी उभी केली. ती 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी वुल्फ बर्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३० साली बर्नाटो आणि ग्लेन किड्‌स्टन यांनी तीच शर्यत याच गाडीवर पुन्हा जिंकली. शर्यतीच्या गाडीचे आयुष्य म्हणजे सततची फेरबांधणी. भाग मोडत, बदलत, सुधारत. पुढे तिच्यावर आठ लिटरचे मोठे इंजिन बसले. १९३२ साली ब्रुकलँड्‌सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. त्यानंतर बर्नाटोने तिला रस्त्यावर चालवण्याजोग्या बंदिस्त गाडीचे रूप दिले.

अनेक वर्षांनी ही गाडी एड हबर्ड यांच्याकडे आली आणि मिडलब्रिज सिमिटर या कंपनीने ती एक कोटी पौंडांना घेण्याचा करार केला. मग खरेदीदाराने माघार घेतली. त्याचे म्हणणे असे, की १९२९ साली ल माँला धावलेल्या गाडीचे यात जवळपास काहीच उरलेले नाही, तेव्हा ही 'ओल्ड नंबर वन' नव्हेच. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे हा खटला चालला. त्यांनी गाडीचा भाग न् भाग, वर्ष न् वर्ष तपासले. १९२९ च्या मूळ गाडीचे फारच थोडे अवशेष तीत शिल्लक आहेत, हे त्यांनी मान्य केले. या अर्थाने तिला 'मूळ' म्हणता येणार नाही, असेही ते म्हणाले. तरीही निकाल त्यांनी हबर्ड यांच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : ही गाडी निरनिराळ्या ठिकाणांहून सुटे भाग गोळा करून जुळवलेली नाही. ती एकच वस्तू असून क्रमाक्रमाने बदलत आली आहे. कोणत्याही टप्प्यावर ती नाहीशी झाली आणि दुसरीने तिचे नाव घेतले, असे घडलेले नाही. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडीही अस्तित्वात नाही. म्हणून ती 'मूळ' नसली तरी 'अस्सल' आहे.

'मूळ' आणि 'अस्सल' हे दोन शब्द आपण समानार्थी म्हणून वापरत आलो आहोत. या निकालाने त्यांच्यामध्ये रेघ ओढली. 'मूळ' हा द्रव्याचा गुण आहे आणि 'अस्सल' हा इतिहासाचा.

हा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयीच प्रश्न विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते आणि रथ हे त्या साऱ्या भागांच्या आश्रयाने दिलेले एक नाव आहे, असे शेवटी ठरते. नागसेनाला यातून व्यक्तीचे अनात्म सिद्ध करायचे होते. न्यायमूर्तींना नाव कोणाचे ते ठरवायचे होते. म्हणून ते एक पाऊल पुढे गेले आणि नावाला आधार द्यायला त्यांनी अखंड परंपरा उभी केली.

मराठीच्या अभ्यासकाला येथे आपलेच ग्रंथ आठवतील. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर तो ग्रंथ स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावा लागला आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले. म्हणून 'लीळाचरित्र' अस्सल नाही असे कोणी म्हणत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही ज्ञानेश्वरांच्या काळची मूळ प्रत नव्हती. त्यांच्यापुढे होते ते अनेक हातांतून आलेले, पाठांतरांनी बिघडलेले, पण एकाच प्रवाहातले ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली सुरू करून १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही व्यासांच्या हातची पोथी सापडल्याचा दावा करीत नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साक्षीवरून जितके मागे जाता येईल तितकेच ती जाते आणि गाळलेले पाठ तळटीपांत जपून ठेवते. तिची विश्वासार्हता या तळटीपांत आहे.

मोटारींच्या जगात अशा तळटीपांचे महत्त्व उशिरा कळले. बराच काळ 'रिस्टोरेशन' म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी, किंबहुना त्याहून चकचकीत करणे, अशीच समजूत होती. या खटाटोपात जुने रंग खरवडले गेले, झिजलेली कातडी आसने फेकली गेली, म्हणजेच पुरावा नष्ट झाला. ऐतिहासिक मोटारींच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली 'ट्यूरिन सनद' स्वीकारली. प्राचीन वास्तूंविषयीच्या १९६४ च्या 'व्हेनिस सनदे'चा तिला आधार होता. जतन आणि पुनर्बांधणी यांत तिने भेद केला आणि नव्याने घातलेले भाग पुढच्या अभ्यासकाला ओळखता यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली. संपादकाने आपली भर चौकटी कंसात टाकावी, तसाच हा नियम. याच सुमारास, २००९ साली, सात दशके माजोरे सरोवराच्या तळाशी पडून असलेली १९२५ ची एक बुगाटी पाणबुड्यांनी वर काढली. गंजलेल्या, अर्ध्याअधिक झिजून गेलेल्या त्या सांगाड्याला पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरो मिळाले आणि कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयात तो आहे त्याच अवस्थेत मांडला गेला. घेणाऱ्याने चालणारी गाडी घेतली नव्हती, तिच्यावर उमटलेला काळ घेतला होता.

हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे तो असा. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला अमेरिकी आणि नंतर फियाट गाड्या उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. मग मिस्त्रींनी लेथवर भाग कातले, एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला बसवला, पेट्रोल परवडेना तेव्हा ऐटबाज अमेरिकी गाडीत डिझेल इंजिन घातले. टंचाईच्या अर्थव्यवस्थेचा एक अलिखित इतिहास या गाड्यांच्या बॉनेटखाली नोंदलेला आहे.

आता २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. जुन्या गाड्यांना कायद्याने वेगळे स्थान दिले, हे स्वागतार्हच आहे. पण ऑटन यांनी ज्या रेघेवर बोट ठेवले, ती येथे पुसली गेली आहे. या व्याख्येच्या काटेकोर कसोटीवर 'ओल्ड नंबर वन'ही उतरणार नाही. आणि 'मूळ' असण्यालाच मान व मोल मिळू लागले, की साठ वर्षांपूर्वीची प्रामाणिक दुरुस्ती लपवण्याचा, जुने इंजिन परदेशातून आणून त्यावर हवे ते आकडे ठोकण्याचा मोह वाढतो. शुद्धतेचा आग्रह बनावटीला खतपाणी घालतो, हे हस्तलिखितांच्या बाजारातही घडलेले आहे.

म्हणून खरेदीदाराने चुंबक फिरवावा, धूर पाहावा, आकडे वाचावेत, परंतु विक्रेत्याला विचारायचा महत्त्वाचा प्रश्न 'यात किती मूळ आहे' हा नव्हे. 'यात काय काय बदलले, केव्हा, कोणी आणि का, आणि त्याचे कागद कुठे आहेत' हा आहे. मिस्त्रीची बिले, जुने फोटो, आधीच्या मालकांची नावे, काढून ठेवलेला मोडका भाग, यांना गाडीइतकेच मोल द्यावे. ज्या गाडीत काहीच बदललेले नाही असे सांगितले जाते आणि जिचे एकही बिल दाखवले जात नाही, ती चकाकत असली तरी तिच्या सौद्याची घाई करू नये. डिझेल इंजिनाची जुनी शेवरोलेट आणि सोबत बिलांची जाडजूड फाइल कोणी पुढे ठेवली, तर मात्र थांबून, खुर्ची ओढून ती फाइल पहिल्या पानापासून वाचावी.