'गाठ': एक नाव आणि दोन विकार

संस्कृत 'ग्रंथि'पासून प्राकृत 'गंठि'च्या मार्गाने मराठीत 'गाठ' हा शब्द आला. सुश्रुताने ग्रंथि आणि अर्बुद यांची लक्षणे निरनिराळी सांगितली होती. बोलीतून मात्र 'अर्बुद' लोपले आणि स्तनातील निरुपद्रवी व घातक अशा दोन्ही विकारांना 'गाठ' हेच नाव उरले. नाव एक, म्हणून भयही एकच.

हातास एकसारख्या लागणाऱ्या गाठींतील भेद शस्त्रक्रियेवाचून ओळखण्याचे एक साधन सुईने दिले. सुईने पेशी ओढून निदान करण्याची पद्धती न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केली. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यातून स्त्रिया व मुले यांचे रुग्णालय उभे राहिले. 1969 मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि शस्त्रवैद्य व विकृतिशास्त्रज्ञ एका आवारात आले.

आज हाताची तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईचा निष्कर्ष हे तिन्ही जुळल्यास लहान फायब्रोॲडिनोमा बहुधा न कापता ठराविक काळाने तपासला जातो. गाठ वाढली, पेशींची वाढ विकृत दिसली अथवा निष्कर्षांत विसंगती राहिली, तर ती काढून तपासणे इष्ट ठरते.

बोलीतील शब्द अजून एकच आहे. म्हणून निदान सांगताना गाठ 'साधी' की 'कर्करोगाची' हे स्पष्ट करणे, आणि साधी असली तरी पुन्हा कधी दाखवावयाची हेही सांगणे, हा उपचाराचाच भाग होय.