सोन्या आणि तात्याना : एका घरच्या गोष्टीची कादंबरी

आपल्याकडील कुलवृत्तांत चाळतांना एक गोष्ट सहज ध्यानांत येते. कोण कोणत्या सालीं जन्मला, कोणाची मुलगी कोणत्या घराण्यांत दिली, कोणता पुरुष कोणत्या मोहिमेंत पडला, हें सारें त्यांत नमूद असतें. पण जें लग्न झालेंच नाहीं त्याला वंशवृक्षांत फांदी नसते. लढाईवर गेलेल्या पुरुषाची एखादीनें वर्षानुवर्षें वाट पाहिली, आणि तो परतल्यावर घरच्या अडचणीपायीं ती आपण होऊन बाजूस झाली, तर तिची हकीकत म्हातारीं माणसें आहेत तोंवर माजघरांत कुजबुजली जाते व पुढें तीहि बंद पडते. अशी हकीकत वाचविण्यास ऐतिहासिक कादंबरीसारखें दुसरें साधन नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटत असे. परंतु घरच्या गोष्टीची कादंबरी करण्याचें हें काम ज्या ग्रंथांत अत्यंत यशस्वी रीतीनें झालें आहे, त्या टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’कडे या एकाच दृष्टीनें पाहूं लागल्यावर आमच्या समजुतीस बराच धक्का बसला.

प्रथम घरची हकीकत सांगूं. टॉल्स्टॉयचा बाप निकोलाय इल्यिच हा १७९४ सालीं जन्मला. १८१२ सालीं नेपोलियनची स्वारी रशियावर आली तेव्हां तो लष्करांत शिरला. १८१३ सालीं फ्रेंचांच्या हातीं सांपडला, आणि १८१४ सालीं दोस्त राष्ट्रांच्या फौजा पॅरिसांत शिरल्यावर मोकळा झाला. त्याचा बाप काउंट इल्या आंद्रेयेविच याच्या घरांत तात्याना अलेक्सांद्रोव्ना येर्गोल्स्काया नांवाची दूरच्या नात्यांतली एक पोरकी मुलगी लहानाची मोठी झाली होती. ती निकोलायहून दोन वर्षांनीं वडील. एकाच घरांत वाढलेल्या या दोघांचें एकमेकांवर प्रेम होतें. पण १८२० सालीं इल्या आंद्रेयेविच वारला तो मागें कर्जाचा डोंगर ठेवून. घर सांवरावयाचें तर श्रीमंत सून आणणें प्राप्त होतें. नातलगांनीं मारिया निकोलायेव्ना व्होल्कोन्स्काया हिचें स्थळ पाहिलें. तिचा बाप १८२१ सालीं वारला होता व यास्नाया पोल्याना ही जहागीर तिच्याकडे आली होती. वयानें ती वराहून तीन-साडेतीन वर्षांनीं मोठी. १८२२ सालीं हें लग्न झालें. आपण आड येऊं नये म्हणून तात्याना आधींच दूर झाली होती. तिनें पुढें जन्मभर लग्न केलें नाहीं.

१८३० सालीं मारिया वारली. मागें पांच मुलें राहिलीं. त्यांतील चौथा लेव्ह, त्यास अद्याप दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. या मुलांचें आईपण तात्यानानें पत्करिलें. सहा वर्षांनीं, १८३६ च्या ऑगस्टांत, निकोलायनें तिच्याकडे दोन गोष्टी मागितल्या : आपल्याशीं लग्न करावें, आणि मुलांस कधीं सोडून जाऊं नये. पहिलीस तिनें नकार दिला. दुसरी मात्र जन्मभर पाळण्याचें वचन दिलें. तें सर्व तिनें एका चिठोऱ्यावर टिपून मण्यांनीं विणलेल्या एका लहानशा पाकिटांत ठेविलें, व त्याविषयीं कोणाजवळहि कधीं चकार शब्द काढला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं निकोलाय वारला. कायद्यानें मुलांवर तिचा कांहींएक हक्क नव्हता. पालकत्व सख्ख्या आत्यांकडे गेलें. १८४१ सालीं मुलें दूर काझानला नेण्यांत आलीं आणि ही मागें राहिली. लेव्ह मोठा होऊन यास्नाया पोल्यानाचा धनी झाल्यावर ती त्याच्या घरीं येऊन राहिली, व १८७४ सालीं तेथेंच वारली.

आतां कादंबरी पाहूं. तिचे आरंभीचे भाग १८६५ सालीं मासिकांतून येऊं लागले व १८६९ सालीं ग्रंथ पुरा झाला. रशियांतहि आपल्यासारखीच माणसाच्या नांवापुढें बापाचें नांव लावण्याची चाल आहे. कादंबरींतला उधळ्या, प्रेमळ म्हातारा काउंट रोस्तोव्ह याचें नांव इल्या आंद्रेयेविच. त्याचा मुलगा निकोलाय इल्यिच. त्याला पुढें बायको मिळते ती मारिया निकोलायेव्ना. आजा, बाप व आई यांचीं नांवें अशीं जशींच्या तशीं उतरलीं आहेत. व्होल्कोन्स्की या आडनांवांतील एक अक्षर बदलून बोल्कोन्स्की केलें, एवढाच काय तो पडदा. १८६८ सालीं टॉल्स्टॉयनें आपल्या ग्रंथाविषयीं एक लेख लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, कानाला खरीं वाटावींत म्हणून आपण ओळखीचीं आडनांवें थोडीं फिरवून घेतलीं. एकदोन व्यक्ति वगळतां बाकी सारीं पात्रें कल्पित आहेत. लेखकाच्या शब्दाचा मान राखूनहि, ज्यानें तीन पिढ्यांचीं नांवें शाबूत ठेविलीं त्याचा हा खुलासा पुरता पटत नाहीं.

नांवें राहिलीं, पण काळ व प्रसंग बदलले. खरा आजा व्होल्कोन्स्की १८२१ सालीं वारला. कादंबरींतला म्हातारा प्रिन्स १८१२ च्या स्वारींतच मरतो. बाप मेल्यावर बोगुचारोवो येथें मारिया एकटी अडकून पडते, कुळें बंडावर येऊन तिला जाऊं देत नाहींत, शत्रु जवळ येऊन ठेपलेला असतो, आणि नेमक्या त्या घटकेस निकोलाय रोस्तोव्ह घोड्यावरून येऊन तिची सुटका करितो. असा प्रसंग टॉल्स्टॉयच्या आईबापांच्या आयुष्यांत घडला नव्हता. तेथें मध्यस्थ नातलग होते व निकड कर्जाची होती. कादंबरींत लग्न १८१४ सालीं होतें, खऱ्या लग्नाच्या आठ वर्षें आधीं. म्हणजे तें युद्धाच्या पदराला बांधलें गेलें. कर्ज कादंबरींतहि आहे, पण तें उलट कामीं लावलें आहे : मारिया श्रीमंत आहे म्हणूनच मानी निकोलाय तिच्यापासून दूर राहूं पाहतो, आणि प्रेम त्या अभिमानावर मात करितें. जें लग्नाचें कारण होतें तेंच येथें लग्नाचें विघ्न झालें.

मुलानें हें कां केलें, तें समजण्यासारखें आहे. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. लहानपणची एक काळी छायाकृति सोडली तर तिचें चित्रहि नव्हतें. मागें राहिलीं होतीं तीं तिचीं पत्रें, आणि थोरल्या मुलाच्या वागणुकीविषयीं तिनें ठेविलेली रोजनिशी. कादंबरीच्या उपसंहारांत काउंटेस मारिया अशीच रोजनिशी लिहिते व नवरा ती कौतुकानें वाचतो. न पाहिलेल्या आईला हाडामांसाची करून तिच्या संसारांत प्रेम घालणें हें मुलाचें काम कोणीहि गोड मानील, आम्हीहि मानतों.

परंतु या शोभेची किंमत कोणी दिली? कादंबरींत तात्यानाच्या जागीं सोन्या आहे : रोस्तोव्हांच्या घरीं वाढलेली, निर्धन, निकोलायवर जीव टाकणारी. तीहि त्याला वचनांतून मोकळा करणारें पत्र लिहिते. पण तें लिहितांना तिच्या मनांत लेखकानें एक हिशेब घातला आहे. जखमी प्रिन्स आंद्रे बरा होऊन त्याचें नताशाशीं लग्न झालें, तर त्याच्या बहिणीशीं नताशाच्या भावाचें लग्न धर्मशास्त्राप्रमाणें होऊं शकणार नाहीं. मग आपला त्याग हा नांवाचाच राहील, अशी आशा तिला त्या वेळीं असते. आंद्रे मरतो, आणि त्याग खरा ठरतो. पुढें ती निकोलायच्याच घरांत सामोवारजवळ बसून चहा ओतते. लेखक तिला माणसांपेक्षां घराचाच लळा असलेल्या मांजराची उपमा देतो, आणि नताशा तिला वांझ फुलांत काढते. सोन्याच्या हातून कोणाचें आईपण घडत नाहीं.

याहून बोलका एक लहान तपशील आहे. रोमन वीर म्युसिअस स्केव्होला यानें आपला हात विस्तवांत धरला, ही कथा वाचून तात्यानाच्या बालपणीं मुलांत वाद निघाला कीं आपल्यांपैकीं असें कोण करील. तिनें तापलेली पट्टी आपल्या उघड्या हातावर दाबून घेतली, आणि कातडें सोलून निघेपर्यंत तोंडांतून आवाज काढला नाहीं. कादंबरींत अशा तापलेल्या पट्टीचा डाग आहे. पण तो सोन्याच्या हातावर नाहीं, नताशाच्या हातावर आहे. सोन्यावरील प्रेमाची खूण म्हणून नताशानें तो स्वतःस करून घेतला असें तेथें सांगितलें आहे. आत्याच्या अंगचें सर्वांत तेजस्वी धैर्य अशा रीतीनें दुसरीला दिलें गेलें.

कोणी म्हणेल, सोन्या ही सोन्या आहे. तिला तात्यानाच्या तराजूंत कां घालतां? कादंबरीपुरतें हें म्हणणें योग्य आहे. सोन्या हें पात्र कलेच्या दृष्टीनें उणें नाहीं, आणि त्यागांतहि आशा लपलेली असते हें मनुष्यस्वभावाचें खरें ज्ञान आहे. पण हीं प्रकरणें लिहिलीं जात होतीं तेव्हां जिच्यावरून सोन्या निघाली ती सत्तरी उलटलेली बाई त्याच घरांत राहत होती, आणि बटव्यासारख्या त्या पाकिटांत तिची चिठी तशीच पडून होती. ती कोणाजवळ बोललीच नाहीं, तेव्हां हा मुख्य पुरावा कादंबरीकाराच्या दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता. पहिला त्याग हिशेबाचा होता अशी कोणास शंका आलीच, तर १८३६ सालचा नकार तिला उत्तर देतो. त्या वेळीं वाट मोकळी होती आणि पुरुष आपण होऊन विचारीत होता.

टॉल्स्टॉयनें हें ऋण शेवटीं ओळखलें. १९०३ च्या सुमारास, पंचाहत्तरीच्या घरांत असतां, त्यानें आपल्या आठवणी लिहावयास घेतल्या. त्यांत चिठीची, पट्टीची व नातलगांनीं जुळविलेल्या लग्नाची, अशी सर्व हकीकत त्यानें पडदा न ठेवतां दिली, आणि आपल्या आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम या आत्याचा झाला, प्रेम करण्यांतला आनंद तिनें आपल्याला शिकविला, असें नमूद केलें. ग्रंथ पुरा झाल्यास तोंवर चौतीस वर्षें लोटलीं होतीं. आणि आज ‘युद्ध आणि शांती’ वाचणाऱ्या शंभरांतल्या किती जणांनीं त्या आठवणी उघडल्या असतील?

यावरून घरच्या गोष्टींवर कादंबरी लिहूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. साल पुढेंमागें करावें, कर्जाच्या जागीं घोडेस्वार आणावा. तेवढी मोकळीक कादंबरीकाराला असावीच. फक्त जें माणूस आपली बाजू सांगावयास मागें राहिलें नाहीं किंवा राहूनहि बोललें नाहीं, त्याच्या मनांतला हेतु बदलतांना हात आंखडावा. आणि कादंबरी लिहावयास बसण्यापूर्वीं, घरांत जें म्हातारें माणूस उरलें असेल त्याच्याजवळ बसून, कांहीं न सजवितां, चार पानें साधी हकीकत उतरून घ्यावी. टॉल्स्टॉयला त्या पानांसाठीं पुढें उभें आयुष्य मिळालें. सर्वांस तें मिळतेंच असें नाहीं.